फोनला बार फुल, स्पीड टेस्ट मस्त, तरी चार वाजले की लाईव्ह अडकतंच

ज्यांनी गावाकडच्या टेनिस बॉल टूर्नामेंटचं लाईव्ह केलंय त्यांना हा प्रकार वेगळा सांगायला नको. सकाळी नऊला पहिली मॅच लागते, स्ट्रीम लोण्यासारखी चालते, आयोजक येऊन पाठ थोपटून जातात, आणि चार-साडेचारला क्वार्टर फायनल सुरू होऊन बांधावर गर्दी बसायला लागली की पडद्यावर गोल गोल चक्र. बॉल हवेत असतो आणि चित्र तिथेच गोठतं, पुढचं दिसतं ते थेट बॉलर परत रनअपला चाललाय, मधे कॅच गेला का सिक्स गेला ते देवाला माहीत. रात्री गर्दी पांगली की आपोआप ठीक. दुसऱ्या दिवशी परत तेच, घड्याळ लावल्यासारखं.

मी पेण-अलिबाग पट्ट्यात शनिवार-रविवार हे काम करतो, शिक्षण टेलिकॉमचं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माज होता. भात कापल्यावर खलाटीत मैदानं तयार होतात तेव्हापासून मे महिन्यापर्यंत एक अख्खा सीझन मी चुकीच्या गोष्टीच्या मागे पळालो. सिम बदललं, डोंगल बदललं, लॅपटॉपला जास्तीची रॅम घातली, एकदा तर बाहेरचा मोठा अँटेना बांबूला बांधून मांडवावर चढवला. फरक शून्य. आणि दर वेळी शंका आली की स्पीड टेस्ट मारायची, ती दाखवायची डाउनलोड ४०, अपलोड १२, मग परत डोकं खाजवत बसायचं.

पहिली गोष्ट आधी सांगतो, स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती दहा-पंधरा सेकंद चालते, बहुतेक वेळा एकाच वेळी चार-पाच कनेक्शन उघडून जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडते आणि वर सरासरी दाखवते. आपली स्ट्रीम म्हणजे एकच कनेक्शन, सलग दहा तास, आणि तिला सरासरीशी काही घेणंदेणं नाही, मधल्या त्या तीन सेकंदात काय मिळालं यावर सगळं ठरतं. बरं, टेस्ट मी मारायचो कधी, तर सकाळी सेटअप लावताना. गर्दी नसताना.

आता शोधायचं कसं. कॅमेऱ्यापासून बघणाऱ्याच्या फोनपर्यंत साखळी लांब आहे, कॅमेरा ते लॅपटॉप, लॅपटॉपच्या आतलं एनकोडिंग (व्हिडिओ दाबून लहान करणं), लॅपटॉप ते टॉवर, टॉवर ते सर्व्हर, आणि शेवटी बघणाऱ्याचं स्वतःचं नेट. नेमकी कुठली कडी तुटते ते कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका. ओबीएस (लॅपटॉपवरून लाईव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या स्टॅट्स खिडकीत तीन वेगवेगळे आकडे असतात आणि बहुतेक लोक तिन्हींना सरसकट "फ्रेम ड्रॉप" म्हणतात, तिथेच घोळ होतो. रेंडरिंग लॅगने चुकलेल्या फ्रेम म्हणजे ग्राफिक्स कार्ड दमलंय. एनकोडिंग लॅगने गाळलेल्या फ्रेम म्हणजे एनकोडरला वेळेत उरकत नाहीये, प्रीसेट (त्याने किती मेहनत घ्यायची ती सेटिंग) हलका करा किंवा लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमधला हार्डवेअर एनकोडर लावा. आणि नेटवर्कने सोडलेल्या फ्रेम म्हणजे माल तयार आहे पण बाहेर जायला वाट नाही. दुपारी चारला माझे पहिले दोन आकडे शून्य होते आणि तिसरा सरसर वाढत होता. म्हणजे ती रॅम उगाचच घेतली.

तिन्ही आकडे शून्य आणि तरी ओबीएसच्या प्रिव्ह्यूमध्येच एखाद्या कॅमेऱ्याचं चित्र अडकत असेल तर मात्र गुन्हेगार अलीकडचा आहे, कॅमेरा ते लॅपटॉप. मिडविकेटच्या मचाणावरचा माझा दुसरा कॅमेरा वायफायवर होता आणि त्याचंही संध्याकाळीच बिनसायचं, म्हणून मला सुरुवातीला वाटलं की दोन्ही एकच दुखणं आहे. नव्हतं. तिथे २.४ गिगाहर्ट्झ होतं, त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि मैदानात दोनशे लोक आले की त्यातल्या पन्नास जणांचे हॉटस्पॉट चालू असतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, चॅनेल ३६ नाहीतर १४९ हाताने ठरवा, रुंदी ८० वरून २० किंवा ४० मेगाहर्ट्झवर आणा कारण व्हिडिओला तेवढी पुरते आणि कमी रुंदीत कमी कचरा येतो. चॅनेल ऑटोवर ठेवू नका. ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून घेतलेली आहेत, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला चॅनेल सोडावं लागतं, आणि त्या गटातल्या नव्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद गप्प बसून कानोसा घ्यावा लागतो. सेमी फायनलला ६० सेकंद म्हणजे किती ते आयोजकांना विचारा. मी शेवटी वैतागून कॅट ६ केबलच ओढली, बाउंड्रीच्या दोरीखालून, १०० मीटरच्या आत असेल तर केबलला तोड नाही. फक्त माती ओढून बुजवा, नाहीतर फिल्डर अडकतो आणि शिव्या आपल्याला.

आता मुख्य दुखणं, लॅपटॉप ते टॉवर.

संध्याकाळी बार फुल का दिसतात आणि तरी माल का जात नाही, हे कळायला मला राउटरच्या ॲडमिन पानावरचे आकडे बघावे लागले. बार ज्याच्यावरून काढतात तो आकडा म्हणजे आरएसआरपी, टॉवरच्या रेफरन्स सिग्नलची ताकद. टॉवर तो सिग्नल गर्दी असो नसो तेवढ्याच जोरात पाठवत असतो, त्यामुळे सकाळी माझ्याकडे उणे ८८ डीबीएम होता आणि संध्याकाळीही उणे ८८. बदलले ते बाकीचे दोन. आरएसआरक्यू, म्हणजे सिग्नलचा दर्जा, सकाळी उणे ९ होता तो उणे १६ झाला, आणि एसआयएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा, १७ वरून ३ वर आला. शेजारचे टॉवरही कामाला लागले की त्यांचा गोंगाट वाढतो, सिग्नल तेवढाच पण गोंगाटात बुडलेला. लग्नाच्या मांडवात बॅन्ड वाजत असताना भटजींचा आवाज कमी झालेला नसतो, ऐकू येत नसतो इतकंच.

हे दोन आकडे डाउनलोडच्या बाजूचे, आपल्याला हवं ते अपलोड त्यात थेट दिसत नाही. काही राउटर मोडेमची ट्रान्समिट पॉवर दाखवतात, ती २३ डीबीएमला टेकली असेल तर समजायचं की मोडेम घसा फोडून ओरडतोय, नेहमीच्या फोनची कमाल मर्यादाच ती आहे, २०० मिलीवॉट. टॉवर त्याच्या कितीतरी पट जोरात बोलतो. म्हणून टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला नाही, आणि त्यात तुमच्याबरोबर मैदानातला प्रत्येक जण स्टेटसला व्हिडिओ चढवत असतो.

माझ्या केसमध्ये सगळ्यात मोठा फरक पडला बँडने, म्हणजे टॉवरशी बोलायच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याने. माझं राउटर आपणहून बँड ४० धरायचं, २३०० मेगाहर्ट्झ, कारण तिथे डाउनलोड चांगलं मिळतं. पण बँड ४० हा टीडीडी आहे, म्हणजे जायला-यायला एकच रस्ता आणि वेळ वाटून घ्यायची. सर्रास वापरातल्या एका वाटपात १० सबफ्रेममधल्या (वेळेचे बारीक तुकडे) ६ डाउनलोडला, २ अदलाबदलीला आणि अपलोडला फक्त २. साधा माणूस रील बघतो त्याला हे परवडतं, आपण उलट्या दिशेने ट्रक घेऊन चाललोय. बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झवाला एफडीडी, त्यात अपलोडचा रस्ताच वेगळा, १७१० ते १७८५ मध्ये, तिथे डाउनलोडची गाडी येतच नाही. राउटरमध्ये बँड लॉक करून बँड ३ वर आणला तर त्याच मैदानात, त्याच सिमवर, संध्याकाळी पाच वाजता अपलोड १ ते ४ मध्ये उड्या मारत होतं ते ६ च्या आसपास स्थिर झालं. डाउनलोड निम्म्यावर आलं, पण आपल्याला डाउनलोड करायचंय काय? तुमच्या गावात उलटंही निघू शकतं, बँड ३ लाच गर्दी असेल तर ८ किंवा ५ बघा, पण बघायचं ते संध्याकाळी, गर्दीतच.

५जीचं विचाराल तर मी मैदानावर ते बंद ठेवतो. त्याचा एन७८ बँड म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा, तोही टीडीडी, वर झाडं-मांडव मधे आले की लगेच उतरतो. नॉन-स्टँडअलोन (४जीच्या आधाराने चालणारं ५जी) असेल तर अँकर, म्हणजे मुख्य आधार, ४जीचाच असतो, आणि गावाच्या कडेला राउटर ४जी-५जी-४जी असा झोका घेत राहतो, प्रत्येक झोक्याला एक धक्का. टॉवर समोर दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर लावा.

बँड बदलूनही सगळं सुटलं नव्हतं. अजून अधूनमधून असं व्हायचं की ओबीएसमधला कनेक्शनची तब्येत दाखवणारा चौकोन हिरवा, हिरवा, हिरवा, आणि एकदम लाल, आठ-दहा सेकंद चित्र मेलेलं. सावकाश बिघडत जात नव्हतं, धाडकन पडत होतं. मग स्ट्रीम चालू असताना शेजारी एक खिडकी उघडून नुसता पिंग (छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारा) लावून ठेवला आणि तासभर फक्त तो बघत बसलो. रिकाम्या लाइनला ४८ मिलिसेकंद. स्ट्रीम चालू असताना ९०, १२०, मग चढत चढत ४००, १,१००, २,४०० आणि मग धाडकन. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटीसने २०१० च्या सुमारास हे नाव रूढ केलं. मोडेमच्या पोटात मोठं बफर, म्हणजे माल तात्पुरता साठवायची जागा, असतं, पुढे वाट नसली तरी ते आलेला माल नाकारत नाही, गिळत राहतं, त्यामुळे ओबीएसला वाटतं जातंय की सगळं. पोट भरलं की मग एकदम नाकारतं आणि तोवर दोन-अडीच सेकंदांचा माल आत सडलेला असतो.

इलाज दोन. एक म्हणजे राउटरमध्ये एसक्यूएम (रांगेला शिस्त लावायची सोय) असेल, ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर असलेल्या राउटरमध्ये मिळतं, तर अपलोडची मर्यादा गर्दीतल्या आकड्याच्या थोडी खाली लावा आणि केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांगेची पद्धत निवडा, म्हणजे रांग मोडेमच्या पोटात न लागता राउटरमध्ये लागते, जिथे तिला शिस्त आहे. दुसरा इलाज साधा आणि कोणाला आवडत नाही, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा माल, कमी करा. मी १०८० ला ६ एमबीपीएस पाठवायचो, इगो होता. आता ७२० ला ५० फ्रेम, ३ एमबीपीएस. बॉल दिसायला फ्रेम लागतात, पिक्सेल नाही, आणि अर्ध्याहून जास्त पब्लिक फोनवर बघतं. संध्याकाळच्या सगळ्यात वाईट अर्ध्या तासात जेवढं अपलोड मिळालं त्याच्या ६० टक्के, यापुढे जायचं नाही. मोजताना आयपर्फ ३ हा नेट मोजायचा प्रोग्राम यूडीपी मोडमध्ये, म्हणजे पोच न बघता माल सोडत राहून, पाच-दहा मिनिटं चालवा आणि सरासरी न बघता दर सेकंदाचा सगळ्यात खालचा आकडा बघा.

रेट कंट्रोल सीबीआर (कायम एकच बिटरेट) ठेवा. व्हीबीआरमध्ये, म्हणजे बदलत्या बिटरेटमध्ये, कॅमेरा झाडांवरून पॅन झाला की बिटरेट उसळतो आणि नेमकं तेव्हाच पोट भरतं. आणि कीफ्रेम इंटरव्हल, म्हणजे अख्खं चित्र असलेली फ्रेम किती वेळाने पाठवायची ते, ऑटोवर सोडू नका. एक्स२६४ या एनकोडरचा डिफॉल्ट २५० फ्रेमचा आहे, २५ फ्रेमवर म्हणजे पूर्ण १० सेकंद. आता जोडा, नेट अडलं की ओबीएस आधी बी फ्रेम टाकून देतं, मग पी फ्रेम (या दोन्हींत अख्खं चित्र नसतं, दुसऱ्या फ्रेमपासूनचे फरक असतात), आणि एकदा पी फ्रेम गेल्या की पुढची कीफ्रेम येईपर्यंत दाखवण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे नेट अर्ध्या सेकंदात सावरलं तरी चित्र आठ-दहा सेकंद मेलेलं का राहायचं ते इथे कळलं. २ सेकंद करा, यूट्यूबलाही तेच हवं असतं.

इतकं केल्यावर माझं नव्वद टक्के दुखणं गेलं. उरलेल्या दहासाठी आरटीएमपी (स्ट्रीम पाठवायची नेहमीची पद्धत) सोडावं लागलं, आणि तिथे मी दोन शनिवार घालवले, ते तुमचे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितो. आरटीएमपी टीसीपीवर चालतं. एक पॅकेट हरवलं की ते परत मिळेपर्यंत मागची सगळी थांबतात, एसटीच्या खिडकीवर पहिल्याकडे सुट्टे नाहीत म्हणून मागची पन्नास माणसं ताटकळतात तसं. एसआरटी (आरटीएमपीऐवजी घेतलेली पद्धत) यूडीपीवर चालतं, हरवलेलं तेवढंच परत मागवतं, आणि ठरवलेल्या वेळेत नाही आलं तर सोडून देऊन पुढे जातं. ती ठरवलेली वेळ म्हणजे लेटन्सीची सेटिंग, सगळी गंमत तिथेच आहे. मी मुंबईतला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, मैदानावरून तिथपर्यंत एसआरटी आणि तिथून यूट्यूबला आरटीएमपी, कारण तिथून पुढे तारच आहे.

लावलं, आणि अडकायचं थांबलं, पण चित्र फाटायला लागलं. हिरवे-करडे चौकोन, बॅट्समनचं डोकं अंपायरच्या पोटावर. मी लेटन्सी २००० लिहिली होती, दोन सेकंद म्हणून. ओबीएस आणि एफएफएमपेग (व्हिडिओचं दुसरं सॉफ्टवेअर) यांच्यात हा आकडा मायक्रोसेकंदात असतो! वेगळ्या डब्यातल्या हार्डवेअर एनकोडरच्या मेनूत तोच मिलिसेकंदात असतो म्हणून हाताला तीच सवय. म्हणजे मी दोन मिलिसेकंद मागितले होते. एसआरटी दोन्ही टोकांच्या आकड्यातला मोठा घेतं, पलीकडे व्हीपीएसवर काहीच लिहिलं नव्हतं म्हणून तिथला डिफॉल्ट १२० मिलिसेकंद लागू झाला. सकाळी चाललं कारण जायला-यायला ५० मिलिसेकंद लागत होते, संध्याकाळी तेच १८० झाले, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत मागवून हातात येईपर्यंत मुदत संपलेली असायची. ओबीएसमध्ये २५००००० लिहिलं, अडीच सेकंद, आणि चौकोन गेले. कमीत कमी राउंड ट्रिपच्या चौपट ठेवा असं सांगतात, पण ती राउंड ट्रिप गर्दीतली धरा, आणि यूट्यूबवर मुळातच काही सेकंद उशीर असतो त्यात आपले अडीच कुणाला कळत नाहीत.

एसआरटी लावताना अजून दोन ठिकाणी पाय अडकतो. मोबाईल नेटवर सीजीनॅट असतं (बरेच ग्राहक एकाच पत्त्यामागे, बाहेरून थेट गाठता येत नाहीत), त्यामुळे मैदानावरचं टोक कॉलर (जोडणी मागणारं) आणि व्हीपीएस लिसनर (वाट बघणारा), उलटं लावलं तर कनेक्टच होणार नाही. दुसरं, परत पाठवण्यासाठी एसआरटी डिफॉल्ट २५ टक्के जागा धरून चालतं, म्हणजे ३ च्या व्हिडिओला ऑडिओ धरून ४ एमबीपीएसची मोकळी वाट लागते. वरचं ६० टक्क्यांचं गणित त्यासाठीच.

दोन सिम टाकले की काम झालं असं दुकानदार सांगेल. ड्युअल सिम राउटरमध्ये बहुतेक वेळा लोड बॅलन्सिंग असतं, ते वेगवेगळी कनेक्शनं वेगवेगळ्या सिमवर टाकतं, आणि आपलं कनेक्शन एकच आहे, ते एकाच सिमवर बसून राहणार. आपल्याला हवं ते बॉन्डिंग, त्यात पॅकेटं दोन्हीकडून वाटून जातात आणि पलीकडे व्हीपीएसवर परत जुळवली जातात. एसआरटीएलए हे एसआरटीच्या जोडीचं बॉन्डिंगचं सॉफ्टवेअर वापरून हे फुकटात जमतं, मी मोठ्या टूर्नामेंटला लावतो. दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची घ्या, एकाच टॉवरवरची दोन म्हणजे एकाच विहिरीत दोन दोर.

बाकी किरकोळ. डोंगल लोखंडी टेबलाला चिकटवू नका, कॉमेंट्रीच्या अँप्लिफायरपासून लांब, उंच आणि सावलीत ठेवा, एप्रिलच्या उन्हात तापलं की ते स्वतःच स्पीड कमी करतं आणि तेव्हा कुठलाच आकडा काही सांगत नाही, हात लावून बघा. ऑडिओचा बिटरेट १२८ च्या खाली आणू नका, चित्र गेलं तर लोक थांबतात, कॉमेंट्री गेली की उठतात.

ओबीएसचे तिन्ही आकडे शून्य असूनही तक्रार येत असेल तर व्हीपीएसवर स्ट्रीम तिथल्या तिथे रेकॉर्ड करून ठेवा आणि अडकलं म्हणतात ती ओव्हर तिथे बघा. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर मैदान सुटलं, आता पुढचं बघायचं. माझ्याकडे पूर्ण फेब्रुवारीभर कुवेतहून एक चुलतभाऊ दर रविवारी फोन करायचा, "दादा, परत अडकलं." मी प्रत्येक वेळी घाबरून सगळं तपासायचो. मार्चमध्ये त्याला एकदा मोबाईल डेटावर बघायला लावलं तर चकाचक. त्यांच्या रूमवर अठरा माणसं एका वायफायवर होती.